मेणातले दात

९ फेब्रुवारी

घुमे,

हे पत्र कामाचं आहे. लॅबच्या पत्त्यावर टाकते आहे, कारण घराचा पत्ता माझ्याकडे नाही आणि तुझ्या बाबांकडे तो मागायचा नाही असं मी ठरवलं आहे.

विषय एवढाच, की माझे दात गेले. समोरचे आधीच एकामागून एक निघाले होते, उरलेसुरले डॉक्टरांनी डिसेंबरात काढून टाकले. उभा जन्म दातओठ खाऊन भाषणं केली, आता खायला ओठच राहिलेत. हे वाक्य मी डॉक्टरांना ऐकवलं, तर ते हसले नाहीत. त्यांना ते कळलंच नव्हतं. माझं बोलणं हल्ली कोणालाच कळत नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, "बाई, चिठ्ठीवर लिहून देत जा." मला म्हणतो. जिला बोलणं आवरायला लावण्यासाठी आयोजकांना व्यासपीठावर चिठ्ठ्या पाठवाव्या लागायच्या, तिला.

त, थ, द, न, ल, स ही अक्षरं दातांच्या आधाराने उभी राहतात, हे मी व्याकरणात वाचलं होतं. आता ते तोंडाने शिकते आहे. "भूक" म्हणता येतं. "माप" म्हणता येतं. "मालक" अर्धाच म्हणता येतो, त्याचं दुःख नाही. पण समता, संघटना, न्याय, लढा? माझा सगळा माल नेमका दातांवरच ठेवलेला होता.

आता मुद्दा. हॉस्पिटलांचे कपडे धुणाऱ्या कारखान्यातल्या बायकांची मेच्या सुरुवातीला गेटसभा आहे. इस्त्रीच्या हॉलला खिडक्या पाडून द्या, एवढीच मागणी. बायका आत घामाने भिजतात आणि मालक सांगतो की खिडकीतून धूळ येईल. सभेत मी बोलायचं आहे. नीट बोलता आलं तर बोलेन. नाही आलं तर पुन्हा कधीच उभी राहणार नाही. लोकांनी कीव म्हणून वाजवलेल्या टाळ्या मी ऐकून घेणार नाही.

तू दात बनवतेस, म्हणून विचारते. कवळीने स नीट म्हणता येतो का? खरं सांग. धीर देऊ नकोस.

दात तू करावेस असं मी म्हणत नाही. गावात लॅबा पुष्कळ आहेत.

आई

३ मार्च

घुमे,

उत्तर आलं नाही. कामात असशील. मी पुढची माहिती देते.

डॉक्टर कवळीला "फुल सेट" म्हणतात. मी चिठ्ठीवर लिहिलं, आमच्याकडे कवळी हा चांगला लहानसा शब्द आहे. ते म्हणाले, "हो हो, तोच सेट."

परवा माझ्या तोंडाचा साचा घेतला. तुला ठाऊकच आहे, पण माझ्या बाजूने ऐक. गुलाबी लगद्याने भरलेला पत्र्याचा साचा नर्सबाईंनी माझ्या टाळूवर दाबून धरला आणि म्हणाल्या, "सेट होतंय, आता अजिबात बोलू नका." मला आजवर पोलिसांनी सांगितलंय, व्यवस्थापकाने सांगितलंय, माझ्या सख्ख्या सासूने सांगितलंय, मी कोणाचंच ऐकलेलं नाही. मी लगेच सांगायला गेले, सेट काय, "धरतंय" म्हणा. बाहेर फक्त गुरगुर आली. नर्सबाईंनी घाबरून बादली पुढे केली. त्यांना वाटलं, मला उलटी येते आहे.

तुझे बाबा बाहेर बाकावर होते. ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. घरी येताना म्हणाले, "अगं, तिने सेट म्हटलं तर म्हटलं. माझ्या दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय? सर्व प्रकारचे रेडिओ सेट दुरुस्त करून मिळतील. ती पाटी तुला कधी टोचली नाही."

मी म्हटलं, रेडिओची गोष्ट वेगळी.

"कशी?"

ते मला सांगता आलं नाही. दात नसल्यामुळे नव्हे.

कळव, लगदा एकदाच घेतात की पुन्हा घेतात? तुझ्या बाबांनी तो प्लॅस्टरचा साचा नंतर हातात घेऊन बराच वेळ निरखला. म्हणाले, "तुझं तोंड बंद असलेलं पहिल्यांदाच बघतोय." जुन्या रेडिओचे सुटे भाग आणायला ते उद्या बाहेरगावी जाणार आहेत. आजकाल जुन्या रेडिओचे भाग मिळतात कुठे, विचारू नये. माणसाला हौस असते.

आई

२१ मार्च

घुमे,

आज काम काही नाही. तरी लिहिते.

कपाटावरचा तो खोका पुसत होते. तुम्ही दोघं त्या दिवशी आणलेला. अजून तसाच आहे, रंगीत कागदाची एक बाजू उन्हाने उडाली आहे. त्यावर छापलंय: टी सेट. पुसता पुसता माझी तळपायाची आग पुन्हा मस्तकात गेली, आणि हात मात्र खोक्यावरून फिरतच राहिला.

त्या शब्दाबद्दल माझं मत आजही तेच आहे, हे सरळ सांगते. दही लागतं. सिमेंट धरतं. घडी बसते. सूर जुळतात. चष्म्याची सवय होते. नवी माणसं घरात रुळतात. डाव मांडतात, गजर लावतात, केस बसवतात, पेपर काढतात, रंगमंच उभारतात. माणसाचं बस्तान बसतं. एवढी सगळी क्रियापदं आपापलं काम इमानाने करत होती, आणि हा एक तीन अक्षरांचा इंग्रज पाहुणा म्हणून आला तो सगळ्यांच्या खुर्चीत बसला. दही सेट, सिमेंट सेट, केस सेट, आयुष्य सेट. कामगार कमी करून एकाच माणसावर सगळी यंत्रं सोपवावीत तसं. मी यावर व्यासपीठावरून बोलले आहे आणि जन्मभर बोलेन.

म्हणून तू तुझ्याच कामातल्या त्या उंच माणसाला घेऊन दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आई, आमचं सेट झालंय," तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते निघालं. "काय झालंय? दही लागलंय की सिमेंट धरलंय?" आणि मग मी थांबले नाही. तो बिचारा खोका हातात धरून उभा. मध्येच त्याने तुझ्याकडे बघून हळूच विचारलं, "बसायचं का?" ते मी ऐकलं होतं. बसा म्हटलं नाही. मुद्दा अर्धा राहिला असता.

माझ्या आठवणीप्रमाणे भाषण चांगलं झालं होतं. फक्त संपलं तेव्हा समोर कोणी नव्हतं आणि तुझे बाबा चहाचं आधण उतरवत होते.

जाताना तू दारातून एक वाक्य बोललीस. "आई, तुला शब्द ऐकू येतो. बोलणारं कोण, ते नाही ऐकू येत." जन्मापासून इतकी कमी बोलतेस म्हणून तर तुझं नाव घुमी पडलं. आणि बोललीस ते एकच वाक्य, तेही बिनतोड. वाटलं, भाषणं मी देते, पण वाक्य हिच्याकडे आहे.

लग्न तुम्ही नंतर केलंत, हे मला तुझ्या बाबांनी सांगितलं. वीजबिल भरून आलो म्हणावं तसं सांगितलं आणि चष्मा पुसत बसले. मी कागद ओढून दुसऱ्या दिवशीच्या सभेचे मुद्दे लिहायला घेतले. मुद्दे काय होते, आठवत नाही.

तो उंच माणूस कसा आहे? जेवतो नीट?

आई

४ एप्रिल

घुमे,

आज पहिली ट्रायल झाली. मला वाटलं होतं, कवळी येईल, घालेन, घरी जाईन. तसं नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी डबी उघडली तर आत गुलाबी मेण आणि मेणात रोवलेले दात. म्हणाले, "हे पक्कं नाही. लॅबवाल्यांनी मेणात दात सेट करून पाठवलेत. तुम्ही घालून बघायचं, बोलून बघायचं. काही खटकलं तर सांगायचं, ते दात हलवून परत पाठवतील. तुम्ही हो म्हणेपर्यंत पक्कं करायचं नाही, असा नियमच आहे."

मी विचारलं (अर्थात लिहून), आणि पक्कं केल्यावर?

"मग काही करता येत नाही. म्हणून तर आधी दाखवायला आणतात."

दात तोंडात घातले. दुसऱ्या कोणाच्या तरी दिवाणखान्यातलं फर्निचर माझ्या तोंडात मांडल्यासारखं वाटलं. डॉक्टर म्हणाले, "साठपासून पुढे मोजा. साठ-सत्तरच्या आकड्यांत स खूप येतात, म्हणून सगळ्यांना तेच म्हणायला लावतो." मोजायला लागले. एकसष्टपासूनच शीळ वाजायला लागली. सहासष्टला तर बाहेरच्या बाकावरचा म्हातारा डोकावून बघायला लागला, कुकर कुठे लावलाय ते. मग मी माझ्या भाषणाची सुरुवात म्हणून पाहिली, "साथींनो." बाप रे. धुलाईच्या बायकांसमोर हे असं बोलले असते तर त्या खिडक्या विसरून दारातून पळाल्या असत्या.

दात अगदी सुरेख होते. पांढरे, सरळ, एका रांगेत, शाळेच्या कवायतीसारखे. नर्सबाई म्हणाल्या, "किती छान दिसताय." आरशात पाहिलं. छान होतीच ती बाई. पण मी नव्हते.

डॉक्टरांनी लॅबला लिहून पाठवलं, स ला शीळ वाजते. मी त्याखाली माझ्या हाताने एक ओळ घातली: चेहरा माझा वाटत नाही, का ते सांगता येत नाही.

घरी येऊन रडले थोडी. बाबांनी रेडिओ मोठा केला, मला रडता यावं म्हणून. त्यांची ही जुनी सवय तुला माहीत आहे.

सभेला मी येणार नाही, असं धुलाईच्या बायकांना कळवावं म्हणते. त्यांच्यातली ती इस्त्रीवाली पोरगी बोलेल. तिचे दात चांगले आहेत.

आई

१७ एप्रिल

घुमे,

हे पत्र सावकाश वाच. मी सावकाश लिहिते आहे.

आज दुसरी ट्रायल झाली. डॉक्टरांनी डबी उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अरेच्चा," ते म्हणाले, "लॅबची चूक झाली बाई. हा बघा, वरचा डावीकडचा पुढचा दात तिरका बसलाय. शेजारच्या दातावर चढलाय. असं कधी करत नाहीत ते. माफ करा, मी आजच सरळ करायला परत पाठवतो."

मी म्हटलं, बघू द्या.

तोंडात घातले. आरसा घेतला. आणि घुमे, आरशात मी होते.

माझा तो दात लहानपणापासून तिरका. आजी म्हणायची, भांडखोर मुलींचा दात आधी शेजारणीला ढकलतो. पुढे तो दात माझी निशाणी झाला. बायका म्हणायच्या, बाईंचा तो दात दिसायला लागला की समजावं, आता मालकाची खैर नाही. या डॉक्टरांनी तो दात पाहिलेलाच नव्हता. त्यांच्याकडे जायच्या कितीतरी आधी तो पडला होता. माझा एकही फोटो नाही ज्यात तो दिसेल, कारण फोटोत मी तोंड मिटून बसते. तो दात बघायला मी बोलत असायला हवी, आणि बघणाऱ्याने माझ्या पायाशी बसून वर बघायला हवं.

तसं एकच माणूस बसायचं. मी व्यासपीठावर आणि तू खाली पायरीवर, गुडघ्यांना मिठी मारून, हनुवटी वर करून. मला वाटायचं, पोरगी भाषण ऐकते आहे. घरी आल्यावर विचारायचे, आज काय बोलले सांग. तुला एक शब्द सांगता यायचा नाही. मी रागवायचे. आता कळतंय, तू काय बघत होतीस.

डॉक्टर म्हणाले, "बाई, काही होतंय का? काढू का?"

मी मान हलवली आणि मोजायला लागले. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट. हवा त्या तिरक्या दाताच्या कडेने गेली, जशी नेहमी जायची. सहासष्ट. सदुसष्ट. कुठे शीळ नाही. डॉक्टर तोंड उघडं टाकून बघत राहिले. मी म्हटलं, "साथींनो." पुढचंही म्हटलं. संघटना म्हटलं, समता म्हटलं, न्याय म्हटलं, शेवटी "सोसलं ते पुष्कळ झालं" हेसुद्धा म्हटलं, आणि नर्सबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बाहेरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. त्याला काही कीव करायचं कारण नव्हतं, त्याला माझं नावही माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "तिरका दात सरळ करायचा ना?"

मी म्हटलं, "हात लावलात तर बघा."

बाहेर आले तर तुझे बाबा बाकावर, मुकाट्याने जमिनीकडे बघत. मी नुसती समोर उभी राहिले. ते म्हणाले, "हो, मीच नेला साचा. डॉक्टरांना म्हटलं, आमच्या ओळखीची लॅब आहे, तिथेच द्या. पहिली ट्रायल तिथल्या एका नव्या मुलाने केली होती. तुझी ती ओळ वाचून घुमीने ते काम स्वतःकडे ओढून घेतलं." मग म्हणाले, "तुझी पत्रं ती जेवणाच्या डब्याखाली ठेवते. मी पाहिलं."

दात अजून मेणातच होते, परत काढून द्यायचे होते. दोन्ही हातांनी डबीत ठेवले.

घरी येताना मला डॉक्टरांचं बोलणं आठवत राहिलं. मेणात सेट करतात ते पक्कं नसतं. ते दाखवायला आणतात. हो म्हणेपर्यंत पक्कं करायचं नाही, हा तुमच्या कामातला नियम. तुम्ही दोघंही त्याच कामातली माणसं. दारात उभं राहून तू म्हणालीस, आमचं सेट झालंय, तेव्हा तू मला निकाल सांगायला आली नव्हतीस. दाखवायला आली होतीस. मी बघावं, चार शब्द बोलावेत, काही खटकलं तर सांगावं आणि मग हो म्हणावं, म्हणून त्याला खोक्यासकट माझ्यासमोर उभं केलं होतंस.

आणि मी डबीच उघडली नाही.

याला मराठीत कोणतं क्रियापद, मी संध्याकाळभर शोधलं. बसलंय म्हटलं तर पक्कं वाटतं. जुळलंय म्हटलं तर पत्रिका आठवते. ठरलंय म्हटलं तर मला विचारायला जागाच राहत नाही. माझ्याकडे शब्द नाही, घुमे. माझ्याकडे. हे वाक्य लिहिताना मला जो त्रास झाला, तो दात काढताना झाला नव्हता.

आई

२६ एप्रिल

घुमे,

आज पक्की कवळी मिळाली. घालूनच लिहिते आहे, जरी लिहायला दात लागत नाहीत. बाबा म्हणतात, तुला लागतात.

धुलाईच्या बायकांना निरोप धाडला, मी येते आहे. इस्त्रीवाली पोरगीही बोलणार, माझ्या आधी. ती माझ्यापेक्षा चांगली बोलली तर मी तिचा राग करणार नाही असं मी बाबांना वचन दिलंय, त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

खोका कपाटावरून काढला. उघडला. आत भुश्शात निळ्या काठाच्या सहा कपबशा. एकही फुटलेली नाही, इतका काळ कपाटावर पडून राहूनसुद्धा. धुतल्या आणि ओट्यावर पालथ्या घालून ठेवल्या आहेत. या घरात कधी दोन सारखे कप नव्हते. तुझे बाबा येता जाता त्यांना बोट लावून बघतात.

तर मेच्या पहिल्या रविवारी, सभेच्या दिवशी या. दोघंही. सभेच्या आधी या, नंतर मी लोकांची होते. दारात उभी राहा, त्याला शेजारी उभं कर आणि त्या दिवशीचं तेच वाक्य म्हण, त्याच शब्दांत. मी दुरुस्त करणार नाही. मी त्याला म्हणेन, बसा. मग तो काय जेवतो, कुठल्या कुशीवर झोपतो, तुला हसवतो का, हे विचारेन. आणि मग हो म्हणेन. पक्कं केल्यावर काही करता येत नाही म्हणतात, पण तुम्ही एकदा दाखवायला आणलंत, तर बघणं माझ्याकडे लागतं.

एक आणखी. सभेला थांबलीस तर पायरीवर तुझी जागा आहे. भाषण ऐकलं नाहीस तरी चालेल.

तू केलेल्या दातांची,
आई

ता. क. बाबांना दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणे.

बाळ, आईचा सेट दुरुस्त झाला आहे. आवाज स्वच्छ येतो, खरखर नाही. सकाळपासून चालू आहे, बंद करायचं बटण तुम्ही लोकांनी कुठे दिलंय ते सापडत नाही. लवकर या. — बाबा